वस्तू, सेवा आणि सूर्य : बेंगळूरचा सौर व्यापार व ‘पर्यावरणीय वस्तू’ ही संज्ञा

नोव्हेंबर २००१ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे भरलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेने जे घोषणापत्र संमत केले, त्याच्या ३१ व्या परिच्छेदातील तिसऱ्या उपकलमात ‘पर्यावरणीय वस्तू व सेवा’ यांच्या मार्गातील जकाती आणि जकातेतर अडथळे कमी करण्यासाठी, अथवा योग्य तेथे ते नाहीसे करण्यासाठी, वाटाघाटी करण्याचे ठरले. पर्यावरणीय वस्तू कशाला म्हणावे, हे मात्र घोषणापत्रात कोठेही सांगितलेले नाही. संज्ञा आधी आली आणि तिचा अर्थ ठरविण्याचे काम पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आले. हे काम पुढे दीड दशक चालले आणि अपुरेच राहिले. त्या अपयशाची राजकीय कारणे अनेकांनी सांगितली आहेत. परंतु संज्ञेच्या पोटातच एक अडचण होती, आणि ती जिनिव्हाच्या सभागृहांपेक्षा बेंगळूरच्या सौर व्यवसायाच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे पाहता येते.

मराठीत ‘वस्तू’ हा शब्द साधा वाटतो, पण तो तसा नाही. धनंजयाच्या ‘दशरूपका’त वस्तू, नेता आणि रस या तिहींवरून रूपकांचे भेद केले आहेत. तेथे ‘वस्तू’ म्हणजे हातात धरता येणारा पदार्थ नव्हे, तर कथानक. अर्थशास्त्रीय परिभाषा मराठीत आली तेव्हा इंग्रजीतील ‘गुड्स’ या शब्दासाठी ‘वस्तू’ रूढ झाला. त्या इंग्रजी शब्दात ‘माल’ आणि ‘हितकर ते’ असे दोन अर्थ एकत्र नांदतात, आणि दोह्याच्या संज्ञेचे आकर्षण बरेचसे या दुहेरीपणात आहे. मराठी भाषांतरात हितकारकतेचा अर्थ गळून पडतो व नुसता माल उरतो. हे भाषांतराचे वैगुण्य म्हणावे, की मूळ संज्ञेने जे झाकले ते भाषांतराने उघडे केले असे म्हणावे? दुसरा पर्याय अधिक खरा दिसतो. जकात घेणाऱ्याला नेहमी माल दिसतो. मराठेशाहीच्या जकातव्यवस्थेत माल भरण्याच्या ठिकाणी थळभरीत आणि तो विकण्याच्या ठिकाणी थळमोड अशी आकारणी होई. माल कोणत्या घरी जाऊन कोणाच्या उपयोगी पडणार, हे चौकीवर विचारण्याचे कारण नव्हते. आधुनिक सीमाशुल्काचे तत्त्वही तेच आहे. १९८८ पासून जगभर वापरात असलेल्या सुसंवादी वर्गीकरणपद्धतीत प्रत्येक पदार्थाला सहा आकडी क्रमांक मिळतो, आणि तो बहुतांशी पदार्थाचे द्रव्य व घडण पाहून दिला जातो. त्यामागचा हेतू त्यात येत नाही.

‘पर्यावरणीय’ हे विशेषण मात्र नेमके हेतूबद्दल, वापराबद्दल बोलते. एखादा पंप सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बसविला तर पर्यावरणीय आणि तोच रासायनिक कारखान्यात बसविला तर नाही. विशेषण व विशेष्य यांचे हे न जुळणे वाटाघाटींत ‘दुहेरी वापराचा प्रश्न’ या नावाने सतत पुढे येत राहिले.

बेंगळूर शहराला दिवे मिळाले ते दुरून. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते ऑगस्ट १९०५ मध्ये. म्हैसूर संस्थानाचा हा आरंभ भारतात अग्रेसर मानला जातो आणि तो मान उचितच आहे. तथापि उंच तारांनी वाहून नेलेल्या या विजेचा क्रम आधी खाण, मग शहर, आणि खेडे कधीतरी, असा लागला. तो क्रम पुढील शतकभर फारसा बदलला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीसही कर्नाटकातील असंख्य घरे घासलेटच्या चिमणीवर होती, आणि जेथे तारा पोहोचल्या होत्या तेथे संध्याकाळी त्यांत वीज असेलच याची शाश्वती नव्हती.

या क्रमाचा पहिला पद्धतशीर प्रतिवाद बेंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत झाला. विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ अमूल्य कुमार एन. रेड्डी (१९३०–२००६) यांच्या पुढाकाराने तेथे १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा गट स्थापन झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव घेतले होते. ते संस्कृत शब्दाशी जुळावे हा योगायोग नसावा. तुमकूर जिल्ह्यातील उंग्र येथे गटाने आपले केंद्र उभारले आणि परिसरातील सहा खेड्यांत ऊर्जा कोठून येते व कोठे जाते याची घरोघर पाहणी केली. खेड्यातील ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग सरपणाचा, आणि सरपण गोळा करण्याचे श्रम मुख्यतः स्त्रिया व मुले यांचे, असे पाहणीत दिसून आले. यंत्र निवडण्यापूर्वी माणसे ऊर्जेने नेमके काय करतात हे मोजले गेले, हे या कामाचे वेगळेपण होय.

पुरा या खेड्यातील प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. तेथील सामुदायिक जैववायू संयंत्र प्रथम स्वयंपाकासाठी योजले होते. पण गावातील शेण साऱ्या चुलींना पुरे पडेना. मग १९८७ पासून हाच वायू डिझेलबरोबर इंजिनात वापरून वीज निर्माण करण्यात आली व तिच्यावर नळाचे पाणी आणि घरातील दिवे चालू लागले. शेण आणून देणाऱ्याला मोबदला मिळे आणि वायू काढून घेतल्यावर उरलेला कसदार राळ खत म्हणून परत मिळे. येथे कोणती वस्तू विकली गेली? शेण विकले असे म्हणता येत नाही, कारण त्याचा खतगुण मालकाकडे परत आला. वायू विकला असेही नाही, कारण तो कोणाच्या घरी गेलाच नाही. गावाने घेतले ते पाणी आणि उजेड. सुमारे दशकभर चाललेला हा प्रयोग शेवटी थांबला, आणि रेड्डी यांनी नंतर त्याच्या अपयशाचीही प्रांजळ मीमांसा केली. तंत्र बिघडल्याने तो थांबला नव्हता. गावाची सामाईक व्यवस्था टिकविणे आणि सरकारी अनुदानाने स्वस्त झालेल्या विजेच्या शेजारी तग धरणे, या गोष्टी अवघड ठरल्या.

याच विचाराचे मोठ्या पटावरील रूप म्हणजे रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकासाठी मांडलेली ‘डिफेंडस’ ही ऊर्जायोजना. राज्याच्या वीजनियोजनात मागणीचा आलेख भूतकाळावरून पुढे ओढायचा आणि तितकी केंद्रे उभारायची, अशी रीत होती. ‘डिफेंडस’ने तो आलेखच नाकारला. लोकांना किलोवॅट-तास नको असतात. त्यांना उजेड, अंघोळीचे ऊन पाणी, शेतातले पाणी हवे असते, आणि या ‘सेवा’ कमी विजेत किंवा विजेवाचून देता येतात, ही तिची भूमिका. साध्या बल्बच्या जागी नळीचे छोटे दिवे आणि विजेच्या गिझरच्या जागी सौर तापक, या सूचना त्यातूनच आल्या. ‘सेवा’ या शब्दाला येथे मिळालेला अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोह्याच्या घोषणापत्रातही हा शब्द आहे, पण वेगळ्याच अर्थाने.

सौर तापकाचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. तांब्याच्या बंबात लाकूड-गोवऱ्या घालून पाणी तापविण्याची घरे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखीच होती. बंबाची जागा गिझरने घेतली आणि सकाळच्या दोन-तीन तासांत विजेची मागणी एकदम उसळू लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळूरची हवा अशी, की वर्षाचे बहुतेक दिवस अंघोळीला ऊन पाणी लागते आणि बहुतेक दिवस ऊनही पडते. सौर तापकांचे अनेक लहान-मोठे कारखाने या शहरात व त्याच्या आसपास निघाले. वीजबिलात सवलत मिळाली आणि २००७ मध्ये राज्य सरकारने ठरावीक आकाराच्या नव्या बांधकामांना सौर तापक सक्तीचा केला. शहराच्या गच्च्यांवरील उतरत्या काळ्या तावदानांचे दृश्य हा या सर्वांचा परिणाम. कूपनलिकेच्या जड पाण्याने तांब्याच्या नळ्यांत क्षार साचत, ते काढणारे कारागीर वेगळे. पुढे चीनमधून निर्वात काचनळ्या स्वस्तात येऊ लागल्या तेव्हा बसविणाऱ्यांचे कसब बदलले. सीमाशुल्काच्या पुस्तकात या तापकाला मात्र बराच काळ स्वतःचे नाव नव्हते. विजेवर न चालणारे ‘इतर’ जलतापक, एवढीच त्याची ओळख. मागे टाकलेला बंबही त्याच ‘इतर’ मध्ये जमा झाला असता.

सौर विद्युतघटाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या बेंगळूर येथील इलेक्ट्रॉनिक्स विभागात १९८० च्या दशकातच असे घट तयार होऊ लागले होते. १९८९ मध्ये टाटा समूह आणि ब्रिटिश पेट्रोलियम यांच्या भागीदारीतून टाटा बीपी सोलर ही कंपनी बेंगळुरात निघाली. १९९५ मध्ये हरीश हांदे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी येथेच सेल्को ही कंपनी काढली. पुढे २०११ मध्ये हांदे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहिल्या दोन्ही कंपन्या घट आणि मॉड्यूल तयार करीत. सेल्को मॉड्यूल विकत घेई, त्याला बॅटरी व दिवे जोडी, ग्राहकाच्या घरी जाऊन कोणत्या खोलीत, कोणत्या उंचीवर, किती वेळ उजेड हवा हे पाही, आणि नंतर दुरुस्तीलाही जाई. गरीब कुटुंबाला रोखीने ही सामग्री घेणे शक्य नव्हते. म्हणून मलप्रभा ग्रामीण बँकेसारख्या संस्थांना कर्जासाठी राजी करावे लागले. दरमहा ३०० रुपये जड, पण रोजचे १० रुपये चालतील, असे एका विक्रेत्या स्त्रीने सुचविल्याचे हांदे आपल्या व्याख्यानांत सांगत आले आहेत. हिशेब सारखाच, फरक पैसे हाती येण्याच्या लयीत आहे. त्या लयीशी जुळते तेव्हाच मॉड्यूल उजेड देते, हे येथे व्यापाराचे मूळ सूत्र झाले.

हे मॉड्यूल देशाच्या सीमेवर कोणत्या नावाने ओळखले जाई? ‘पर्यावरणीय वस्तू’ म्हणून नव्हे. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञान करार झाला. भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला. त्या कराराच्या यादीत ८५४१.४० हा क्रमांक होता, आणि त्याखाली प्रकाशसंवेदी अर्धवाहक उपकरणे, त्यांत सौर विद्युतघट, येत. दोह्याच्या वाटाघाटी अजून ‘पर्यावरणीय’ शब्दाची व्याख्या शोधत होत्या, तेव्हा सौर घट भारतात जकातमुक्त होण्याच्या मार्गाला लागला होता, तोही संगणकाच्या सुट्या भागांच्या रांगेत उभा राहून. माहिती तंत्रज्ञानाचे शहर म्हणून गाजू लागलेल्या बेंगळूरच्या बाबतीत तर हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

जकात नाही म्हणजे वस्तू स्वस्त, हे समीकरणही टिकले नाही. जर्मनीने २००० मध्ये अपारंपरिक विजेला खात्रीचा दर देणारा कायदा केला आणि २००४ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यामुळे तेथील मागणी इतकी वाढली की शुद्ध सिलिकॉनची जगभर टंचाई झाली व मॉड्यूलच्या किमती चढल्या. भारतात तयार होणाऱ्या मॉड्यूलांचा मोठा भाग त्या काळात निर्यात होत होता. सेल्कोसारख्या कंपनीला मॉड्यूल महाग झाले आणि २००५ च्या सुमारास ती गंभीर आर्थिक अडचणीत सापडली. बेंगळुरातील कारखान्याला जी तेजी वाटली, तीच बेंगळुरातील दिवे बसविणाऱ्याला आपत्ती ठरली. युरोपातील छपरांवरचा पर्यावरणीय लाभ आणि उत्तर कर्नाटकातील घरातला उजेड यांची स्पर्धा एकाच सिलिकॉनसाठी होती, आणि कोणत्याही व्यापारी परिभाषेत या दोहोंना वेगळी नावे नव्हती. नावे असती तर उपाय निघालाच असता असे नाही. परंतु प्रश्न निदान मांडता आला असता.

याच वर्षांत जिनिव्हात याद्या तयार होत होत्या. प्रगत देशांनी उद्योगातील प्रदूषण-नियंत्रक यंत्रांवर भर दिला. ब्राझीलने इथेनॉलचा आग्रह धरला. ताग-काथ्यासारख्या मुळातच निरुपद्रवी पदार्थांना या यादीत स्थान का नसावे, असाही युक्तिवाद झाला. भारताने २००५ मध्ये यादीची कल्पनाच बाजूला सारून ‘प्रकल्पाचा मार्ग’ सुचविला : राष्ट्रीय अधिकारिणीने मान्य केलेल्या पर्यावरणीय प्रकल्पासाठी ज्या वस्तू व सेवा लागतील त्यांना, तो प्रकल्प चालेल तोवर, सवलत द्यावी. या सूचनेवर टीका झाली ती अशी, की तिच्यात निश्चितता नाही आणि प्रत्येक सरकार आपल्या सोयीने प्रकल्प ठरवील. टीका निराधार नव्हती. तरीही वस्तूचे पर्यावरणीयत्व वस्तूत नसून तिच्या योजनेत असते, हे त्या सूचनेने ओळखले होते. पुराचा प्रयोग किंवा सेल्कोचा व्यवसाय या चौकटीत बसण्याची निदान शक्यता होती. यादीत ती नव्हती.

‘सेवा’ या शब्दाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. व्यापार संघटनेच्या सेवांच्या वर्गीकरणात, जे १९९१ मध्ये तयार झाले, पर्यावरणीय सेवा म्हणजे सांडपाणी, केरकचरा, स्वच्छता आणि ‘इतर’. घाण दूर करणे हाच त्यामागचा अर्थ. रेड्डी ज्याला सेवा म्हणत, ती उजेडाची किंवा ऊन पाण्याची गोष्ट, तिला या वर्गीकरणात स्वतंत्र जागा नाही. दोन्हीकडे शब्द एक आणि कोश निराळे.

दोह्याची फेरी रखडल्यावर यादीचा मार्ग अन्यत्र निघाला. आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य मंचाने २०१२ मध्ये व्लादिवोस्तोक येथे ५४ वस्तूंची यादी मान्य केली व त्यांवरील जकात २०१५ अखेर पाच टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरविले. तीत सौर घटांबरोबर बांबूच्या थरांची जमीनही आहे. जुलै २०१४ मध्ये काही सदस्यांनी स्वतंत्र करारासाठी वाटाघाटी सुरू केल्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्या निष्फळ ठरल्या, आणि सायकल यादीत घ्यावी की नाही हा वादाचा एक मुद्दा होता. भारत यांपैकी कशातही नव्हता.

भारताच्या वाट्याला आली ती न्यायालयीन लढाई. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले; २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट हे त्याचे आरंभीचे उद्दिष्ट. अभियानातील काही प्रकल्पांना देशी बनावटीचे मॉड्यूल, आणि पुढे घटही, वापरण्याची अट होती. पहिल्या टप्प्यात पातळ थराच्या मॉड्यूलांना ती लागू नव्हती, आणि त्या फटीतून अमेरिकी मालाला मोठा वाव मिळाला. तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेने व्यापार संघटनेकडे तक्रार नोंदविली. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी तज्ज्ञमंडळाचा आणि १६ सप्टेंबर २०१६ रोजी अपील मंडळाचा निर्णय भारताविरुद्ध गेला.

या निर्णयातील एक युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे. सरकारी खरेदीला देशी-परदेशी भेद न करण्याच्या नियमातून सूट आहे. भारताचे म्हणणे असे, की सरकार वीज खरेदी करते आणि घट हे त्या विजेचे अविभाज्य अंग आहे. तेव्हा विजेची खरेदी ही घटाचीही खरेदी होय. अपील मंडळाने हे मान्य केले नाही. जी वस्तू विकत घेतली ती वीज. जिच्याबाबत भेद केला तो घट. दोहोंत बाजारातील स्पर्धेचे नाते नाही, म्हणून सूट नाही. अंश आणि अंशी, साधन आणि फल यांना एका नावाने ओळखता येईल का, हा लक्षणेच्या चर्चेतील जुना प्रश्न येथे कोट्यवधी रुपयांच्या व्यवहाराला टेकला होता, आणि मंडळाने वाच्यार्थ स्वीकारला. देशात घट पुरेसे तयार होत नाहीत, म्हणजे त्यांचा ‘तुटवडा’ आहे, हे भारताचे दुसरे म्हणणेही फेटाळले गेले : आयात करून मिळत असेल तर तुटवडा कसला? कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत आहे. परंतु यातली विसंगती भारताच्या बाजूसही होती, हे दडवून चालणार नाही. ज्या देशाने २००५ मध्ये वस्तूपेक्षा प्रकल्प पाहा असे सांगितले, त्याच देशाच्या धोरणात आता घट कोठे बनला याला महत्त्व आले होते. बेंगळूरच्या अनुभवातून आलेला ‘सेवे’चा विचार या वादात दोन्ही पक्षांकडून अनुपस्थित राहिला.

पुढे भारतानेही अमेरिकेच्या काही राज्यांतील तशाच अटींविरुद्ध तक्रार केली व जून २०१९ मध्ये तज्ज्ञमंडळाचा निर्णय आपल्या बाजूने मिळविला. जून २०२३ मध्ये उभय देशांनी जे सहा वाद आपसांत मिटविले त्यांत हे दोन्ही होते. दरम्यान चीनमधील प्रचंड उत्पादनाने किमती कोसळल्या होत्या, आणि १ एप्रिल २०२२ पासून भारताने आयात मॉड्यूलांवर ४० व घटांवर २५ टक्के मूलभूत सीमाशुल्क लावले. दोह्यात ज्या जकाती उतरविण्याचे ठरले होते, त्यांचा प्रवास दोन दशकांनी उलट दिशेने झाला.

१ जानेवारी २०२२ पासून सुसंवादी वर्गीकरणाची नवी आवृत्ती अमलात आली. तीत सौर जलतापकाला प्रथमच ८४१९.१२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. ८५४१.४० हा जुना क्रमांक फोडण्यात आला, कारण त्याखाली इतकी वर्षे सौर घटांबरोबर प्रकाश देणारे डायोडही एकत्र गणले जात होते. आता डायोड ८५४१.४१, सुटे घट ८५४१.४२ आणि मॉड्यूल ८५४१.४३ असे वेगळे झाले. खेड्यातील सौर दिव्यात मात्र तोवर नळीच्या दिव्याची जागा डायोडने घेतली होती. दिवसा घट उन्हाची वीज करतो आणि रात्री डायोड त्या विजेचा उजेड करतो; जकातीच्या पुस्तकात ज्यांची ताटातूट झाली, ते दोघे कर्नाटकातील अनेक घरांत एकाच तारेच्या दोन टोकांना जोडलेले आहेत.